दगडातले पाणी

माझ्या कचेरीतील मेजावर, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेल्या काचेच्या गोळ्याशेजारी, एक लहानसा दगड असतो. लांबीला अंगठ्याच्या दोन पेरांइतका. त्याच्या एका अंगाला पिंपळाचे पान कोरलेले आहे; दुसरे अंग ओबडधोबडच राहिले आहे; आणि पानाच्या देठापासून टोकापर्यंत केसासारखी बारीक भेग गेली आहे. खिडकीतून उन्हाचा कवडसा आला, की या पानात एकदम हिरवा, निळा, मध्येच निखाऱ्यासारखा तांबडा रंग हलू लागतो. ढग आला, की पान पुन्हा पाणी घातलेल्या दुधासारखे होते. कामासाठी आलेली माणसे आपले काम क्षणभर विसरून त्याच्याकडे पाहतात आणि हटकून दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘हे काय आहे?’ आणि दुसरा, ‘हे असे अर्धवट का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तेथल्या तेथे देतो. दुसरे मात्र लांबते, आणि बाहेर माणसे खोळंबलेली असतात. आज आकाशवाणीने मला पुरेसा वेळ दिला आहे. तेव्हा श्रोते हो, दोन्ही उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो.

हा दगड म्हणजे ओपल. युरोपातील बहुतेक भाषांत थोड्याफार फरकाने हेच नाव आहे. ते लॅटिनमधील ‘ओपालुस’वरून आले, आणि त्याच्याही मुळाशी आपला संस्कृत ‘उपल’ शब्द असावा, असे पुष्कळ भाषापंडित मानतात. उपल म्हणजे दगड, आणि मौल्यवान खडादेखील. जो शब्द आपण दगडाच्या साऱ्या जातीसाठी ठेवला, तो परदेशी जाऊन एकाच दगडाचा झाला. माहेरी साऱ्या आळीची ‘ताई’ असलेली मुलगी सासरी गेल्यावर एकाच घरची लक्ष्मी व्हावी, तसेच हे.

कुळाने ओपल हा आपल्या गारगोटीचा भाऊबंद. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळला असेल. सह्याद्रीच्या काळ्या खडकातील पोकळ्यांतून गारगोटी आणि अकीक विपुल सापडतात. नदीची वाळू, गारगोटी, अकीक आणि ओपल या सर्वांचे घटकद्रव्य एकच, सिलिका. मग यांच्यात भेद कोणता? गारगोटीत सिलिकेचे अणू कवायतीच्या पलटणीसारखे शिस्तीने उभे असतात, म्हणून तिला स्फटिकाचा आकार येतो. ओपलमध्ये ही शिस्त नाही. आणि शिस्तीच्या जागी त्यात आहे पाणी. जमिनीतील पाण्यात विरघळलेली सिलिका खडकाच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून सावकाश साठत जाते, घट्ट होते, आणि घट्ट होताना थोडे पाणी कायमचे पोटात घेऊन बसते. शंभर भार ओपलात साधारणतः तीन ते दहा भार पाणी असते. एरवी ‘पाणीदार’ हे विशेषण आपण मोत्याला आणि माणसाला अलंकार म्हणून लावतो. ओपलच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे.

त्याच्या रंगाचे रहस्य शतकानुशतके कोणाला उलगडले नव्हते. काच फोडावी तसा ओपल फोडून पाहिला, तर आत कोणताही रंग सापडत नाही. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे अंतरंग पाहिले, तेव्हा तेथे सिलिकेच्या असंख्य गोळ्या एकावर एक रचलेल्या दिसल्या. फळवाल्याने आपल्या दुकानात संत्री रचून ठेवावीत तशा. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यांतील दीड ते तीन भागांत अशी एक गोळी मावते. या गोळ्यांच्या रांगांमधून जाताना प्रकाश फुटतो आणि त्याचे रंग वेगळे होतात. गोळ्या लहान असल्या तर निळा दिसतो. मोठ्या असल्या तर तांबडाही उमटतो, आणि म्हणूनच तांबड्या झळाळीच्या ओपलला जव्हेरी अधिक मोल देतात. रांगा विस्कटलेल्या असल्या तर रंग उमटतच नाहीत. दगड नुसता दुधी राहतो. म्हणजे ओपलमध्ये रंग नावाचा पदार्थ नाही. आहे ती केवळ रचना. ती बिघडली की रंग गेला. पुढे मी जे सांगणार आहे, त्यासाठी एवढे ध्यानात असू द्यावे.

अशा चंचल दगडाभोवती दंतकथा गोळा झाल्या नसत्या तरच नवल. रोमन ग्रंथकार प्लिनी याने नोनिउस नावाच्या एका सरदाराची हकिकत नोंदवली आहे. त्याच्या अंगठीत एक अमोल ओपल होता आणि मार्क अँटनीची त्यावर नजर होती. अंगठी देऊन टाकली असती तर नोनिउस सुखाने घरी राहिला असता. त्याने सारी मालमत्ता सोडली, देशत्याग केला. जाताना बरोबर नेली ती फक्त अंगठी. पुढे १८२९ साली सर वॉल्टर स्कॉटने एका कादंबरीत असा प्रसंग रंगवला, की मंत्रवलेल्या पाण्याचा थेंब पडताच नायिकेच्या घराण्यातील एका स्त्रीचा ओपल निस्तेज झाला आणि ती स्त्रीही लवकरच वारली. त्यानंतर ओपल अपशकुनी ठरला, असे सांगतात. व्हिक्टोरिया राणीने आपल्या मुलींना ओपलचे दागिने देऊन ही अढी दूर करण्यास हातभार लावला. गंमत अशी, की पाण्याचा थेंब पडताच निस्तेज होणारे ओपल खरोखरच असतात. त्यात अपशकुन काही नाही. काही ओपलांचे अंग सच्छिद्र असते. ते पाणी पितात, आणि पाणी पोटात आहे तोवर त्यांचे रंग मावळतात. वाळले की रंग परत येतात. माझ्या मेजावरचा दगड याच जातीचा आहे.

अशा दगडातून मूर्ती घडवावी, हे माणसाला सुचावे तरी कसे? आपल्याकडे वेरूळचा काळा पाषाण आहे, मकराण्याचा संगमरवर आहे. त्यांवर छिन्नी धरावी, हातोडा मारावा आणि ढलपे काढावेत. ओपलवर हातोडा मारला तर तो काचेसारखा फुटून शिंपल्याच्या आकाराच्या कपच्या उडतील. कठीणपणात तो गारगोटीहून मऊ. हवेतील धूळ, जिच्यात गारगोटीचे कण असतात, तीदेखील त्याच्या झिलईवर चरे पाडते. एकदम ऊन लागले की तो तडकतो. काही ओपल तर खाणीतून काढल्यावर आपले पाणी हळूहळू गमावतात आणि कोणी हात न लावताही त्यांच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. म्हणून जाणते कारागीर नवा दगड लगेच कामाला घेत नाहीत. महिनोन्महिने तो कोरड्या जागी ठेवून देतात. जो या मुक्कामात टिकला, तोच चाकावर चढतो.

तरीही माणसाने हा हट्ट सोडला नाही. जर्मनीत नाहे नदीच्या काठी ईडार-ओबरश्टाईन नावाचे गाव आहे. तेथे कित्येक शतके रत्ने घासण्याचा व्यवसाय चालत आला आहे, आणि आजही रत्नांतून पशुपक्षी, फुले, चेहरे कोरणारे निष्णात कारागीर तेथे आहेत. ओपलचा मोठा पुरवठा एके काळी आजच्या स्लोव्हाकियातील दुबनिकच्या खाणींतून होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो मान ऑस्ट्रेलियाकडे गेला. लाइटनिंग रिजचा काळा ओपल, क्वीन्सलंडच्या लोहमय खडकात शिरांसारखा पसरलेला ओपल, आणि १९१५ साली सापडलेल्या कूबर पीडी येथील पांढरा ओपल, हे तिन्ही जगभर पोहोचले. कूबर पीडीत उन्हाळा इतका कडक, की माणसांनी जुन्या खाणींसारखी बिळे खोदून जमिनीखाली घरे केली. मेलबर्नला ऑलिंपिक सामने झाले त्या १९५६ साली तेथेच सुमारे साडेतीन किलो वजनाचा एक प्रचंड ओपल निघाला. ऑस्ट्रेलियातील कारागीर पुष्कळदा ओपल मूळ खडकापासून वेगळा न करता खडकासह कोरतात. तपकिरी दगडातून निळी लाट उसळल्यासारखी त्यांची कामे दिसतात.

आणि २००८ साली इथिओपियाच्या वोल्लो प्रांतात, उंच पठारावरील ज्वालामुखीय खडकाच्या एका थरात, ओपलचे नवे भांडार सापडले. त्यातील पुष्कळसा माल घासण्यासाठी आला तो आपल्या जयपुरात. सवाई जयसिंगाने १७२७ साली हे शहर वसवले, तेव्हापासून जव्हेरी आणि रत्नकारागीर यांना तेथे आश्रय मिळत आला आहे. आज जगातील रंगीत रत्नांच्या घासकामाचे ते एक प्रमुख केंद्र आहे.

काही वर्षांपूर्वी माझी नेमणूक जयपुरात होती. परदेशातून एक सन्माननीय पाहुणे यायचे होते आणि त्यांना स्थानिक कारागिरीचा एखादा नमुना भेट द्यावा, असे वरिष्ठांनी ठरवले. काम माझ्याकडे आले. ओपलमध्ये कोरलेला मोर द्यावा, असा ठराव झाला. मोराचे चित्र काढून घेतले. त्यावर योग्य त्या सह्या आणि शिक्के झाले. ते चित्र घेऊन मी जुन्या शहरातील एका गल्लीत, दोन जिने चढून, एका वृद्ध उस्तादांच्या कारखान्यात गेलो. कारखाना कसला, दहा बाय बाराची खोली. भिंतीशी दोन चाके, खिडकीशी एक सतरंजी, आणि प्रत्येक चाकाच्या वर दोरीने टांगलेला एक पत्र्याचा डबा. डब्याच्या तळाला छिद्र पाडून त्यात सुताची वात बसवलेली. तिच्यातून थेंब थेंब पाणी चाकावर पडत होते.

उस्तादांनी अक्रोडाएवढा एक दगड हातात घेतला. खिडकीशी जाऊन तो चारी बाजूंनी उन्हात फिरवला. मग माझ्या चित्राकडे पाहिले, आणि नम्रपणे म्हणाले, ‘‘साहेब, मोर सुंदर आहे. पण या दगडात मोर नाही.’’

मी जरा चमकलो. मोर मंजूर झालेला होता. त्यांनी मला दगड दाखवला. रंगाचा थर एका बाजूला होता, करंगळीएवढा जाड, आणि मध्ये वाकून पुन्हा खाली गेलेला. बाकीचा सारा दुधी. ‘‘मोर करायचा तर मान या दुध्या भागात येईल आणि पिसाऱ्याचा अर्धा रंग मला घासून टाकावा लागेल. हा थर पानासारखा वाकला आहे. यात पान आहे.’’ मग मी कचेरीत जाऊन मोर रद्द करून पानाला मंजुरी मिळवली. त्यासाठी किती टिपणे लिहावी लागली, हे सांगून मी आपला वेळ घेत नाही. पण त्या दिवशी मला या कलेचे पहिले सूत्र कळले. संगमरवरातून मूर्तिकार मनातला आकार काढू शकतो. ओपलच्या कारागिराला दगडातला रंग आधी वाचावा लागतो आणि मग त्याला शोभेल असा आकार शोधावा लागतो.

पुढे मी संध्याकाळी कामावरून परतताना तेथे डोकावू लागलो. कामाचा क्रम असा होता. आरंभी उस्तादांनी कोऱ्या कागदावर दगडाची आकृती काढून कोठे कोणता रंग आहे याची खूण रंगीत पेन्सिलींनी केली. मला ते अनावश्यक वाटले. पण चाकावरच्या पाण्याने दगड भिजला, आणि पाहता पाहता सारे रंग मावळून तो काचेच्या तुकड्यासारखा झाला, तेव्हा त्या कागदाचे महत्त्व कळले. या जातीचा ओपल कोरणारा कारागीर पाहून काम करीत नाही. पाहिलेले आठवून करतो. मग मोठ्या चाकावर बाहेरचा खडक घासून काढला. एरवी खडा काठीच्या टोकावर गरम लाखेने चिकटवतात, परंतु लाखेच्या उष्णतेची भीती असल्यामुळे उस्ताद हा दगड बोटांतच धरीत. त्यानंतर हिऱ्याची पूड बसवलेल्या बारीक फिरत्या सळया. एक पानाच्या कडेसाठी, एक शिरांसाठी, एक देठाच्या वळणासाठी. सळई दगडावर दाबायची नाही. टेकवायची आणि उचलायची. दाबले तर कंप वाढतो, आणि कंपाने आतली न दिसणारी भेग जागी होते. कोरणे हा शब्द आपण वापरतो खरा, पण हे सारे काम घासण्याचे. आज एक पदर, उद्या एक पदर. खरखरीत पुडीपासून मऊ पुडीपर्यंत चार-पाच पायऱ्या उतरायच्या. प्रत्येक पायरीवर मागच्या पुडीचा एक कणदेखील राहू नये म्हणून हात, दगड आणि पाणी तिन्ही स्वच्छ करायचे. अखेर नमद्यावर सीरियमची तलम भुकटी घेऊन झिलई द्यायची.

पण घासकाम आणि झिलई यांच्यामध्ये एक मुक्काम होता, आणि तेथेच माझी कथा अडखळते. उस्ताद म्हणाले, ‘‘आता हा पाणी पिऊन बसला आहे. फडक्यात गुंडाळून सावलीत आठ-दहा दिवस ठेवू. पाणी हळूहळू बाहेर पडेल, रंग परत येतील, मग मागची बाजू सारखी करून झिलई देतो.’’ तेवढ्यात पाहुण्यांचा कार्यक्रम बदलला. ते आठवडाभर आधी येणार, असा निरोप आला. मी उस्तादांना दूरध्वनी केला. ते आजारी नातलगाला पाहायला परगावी गेले होते. त्यांचा तरुण शिष्य बोलला. मी त्याला सांगितले, ‘‘परवा सकाळी वस्तू पाहिजे. कसेही करा.’’ ‘कसेही करा’ हे आम्हा सरकारी माणसांचे आवडते वाक्य. ते उच्चारणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. मुलगा बिचारा घाबरला. साहेबांचा शब्द कसा मोडायचा? त्याने दगड लवकर वाळावा म्हणून तो रात्रभर दिव्याच्या ऊबेत ठेवला. सकाळी रंग परत आले होते, सारेच्या सारे. आणि त्यांच्यामधून देठापासून टोकापर्यंत ती भेग गेली होती.

पाहुण्यांना दुसरी काही वस्तू दिली गेली. तीही सुंदर होती आणि त्यांना आवडलीही. माझ्यापुढे उरले उस्तादांच्या मजुरीचे देयक. नियमाप्रमाणे टिपण तयार होऊन सहीसाठी आले: ‘कारागिराच्या हलगर्जीपणामुळे वस्तू निकामी झाली, सबब मजुरी देय नाही.’ वाक्य निर्दोष होते. सही केली असती तर कोणी काही विचारले नसते. मी ते टिपण दोन दिवस ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी ते वाक्य खोडून त्याजागी लिहिले, की कार्यालयाने ऐन वेळी मुदत कमी केल्यामुळे वस्तू निकामी झाली, आणि मुदतीची आज्ञा माझी होती. त्यावर माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला. तो मी दिला. मजुरी पाच महिन्यांनी मंजूर झाली. या गोष्टीत शौर्य काही नाही; आधी चूक केलेल्या माणसाने नंतर खरे लिहिले, एवढेच.

रक्कम मिळाल्याचे सांगायला मी स्वतः गेलो. मुलाला रागावला नाहीत ना, असे विचारले. उस्ताद म्हणाले, ‘‘रागावून काय करू? मी त्याला सांगितले, की साहेबांनी घाई केली तर साहेबांना ‘नाही’ म्हणायला शीक.’’ हे त्यांनी माझ्या तोंडावर, चहाचा पेला माझ्या हाती देत, इतक्या सहजपणे सांगितले, की मला वाईट वाटायलाही सवड मिळाली नाही. मग तो भेगाळलेला दगड त्यांनी मला देऊन टाकला.

निघताना मी चाकावरच्या डब्याविषयी विचारले. पाणी कशासाठी, दगड तापू नये म्हणूनच ना? ‘‘दगडासाठी तर खरेच,’’ ते म्हणाले, ‘‘पण आधी माणसासाठी.’’ त्यांचा थोरला भाऊ तरुणपणी कोरड्या चाकावर गारगोटी घाशी. काम लवकर उरकते, आणि दगड भिजला नाही की रंग नीट दिसतो. चाळिशीच्या आतच त्याला धाप लागू लागली. क्षय समजून औषधे झाली. तो गेला, तेव्हा उस्तादांनी दोन्ही चाकांवर डबे टांगले आणि डब्यात पाणी नसेल तर चाक फिरवायचे नाही, असा कारखान्याचा एकच नियम केला.

हे ऐकताना मला माझे बालपण आठवले. आमचे घराणे बडोद्याचे. तेथून खंबायत फार दूर नाही. एकदा काकांबरोबर मी तेथे गेलो होतो. खंबायतच्या अकीकाची परंपरा किती जुनी! भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या टेकड्यांतून दगड काढायचा, तो मडक्यात भाजून लाल करायचा, जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर धरून शिंगाच्या हातोडीने त्याचे टवके काढायचे, आणि मग घासून मणी करायचे. गुजरातच्या या भूमीवर लोथल आणि धोलावीरा येथे चार हजार वर्षांपूर्वी असे मणी होत, आणि सिंधू संस्कृतीच्या कारागिरांचे लाल मणी मेसोपोटेमियातील ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत मिळाले आहेत. बालपणी मला यांपैकी काही ठाऊक नव्हते. मला आठवते ती एक ओसरी, गरगरणारे चाक, आणि त्यामागे बसलेला, केसांपासून पापण्यांपर्यंत पांढराशुभ्र झालेला माणूस. मी काकांना विचारले, ‘‘काका, हे पिठाच्या गिरणीतले आहेत का?’’ काका हसले नाहीत.

ती धूळ पिठाची नव्हती. गारगोटी आणि अकीक यांच्या धुळीतील अतिसूक्ष्म कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथून बाहेर पडत नाहीत. त्यांच्याभोवती व्रण धरतात, फुप्फुस हळूहळू कडक होत जाते, आणि क्षयाला दार उघडे होते. हाच सिलिकोसिस. झालेला सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. तो होऊ न देणे एवढेच हाती आहे. ओपलमधील सिलिका स्फटिकरूप नसल्यामुळे तिची धूळ गारगोटीच्या धुळीइतकी घातक मानली जात नाही. परंतु काही ओपलांत स्फटिकरूप सिलिकेचाही अंश असतो, त्याच्या भोवतालच्या खडकात गारगोटी असू शकते, आणि जे चाक सकाळी ओपल घासते तेच दुपारी अकीक घासते. ईडार-ओबरश्टाईनचे जुने कारागीर पाणचक्कीवर फिरणाऱ्या वालुकाश्माच्या प्रचंड चाकांपुढे पालथे पडून रत्ने घाशीत. त्यांच्याही छातीने या धंद्याची किंमत मोजली आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक कामगारांत सिलिकोसिसची पाहणी केली आणि चाकाजवळची धूळ शोषून घेणारी यंत्रणाही सुचवली. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवलाच पाहिजे असा रोग ठरवला; पण ओसरीवर फिरणारे एकटे चाक कारखान्याच्या व्याख्येत बसले नाही, आणि म्हणून त्यामागचा माणूसही बसला नाही. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, हे योग्यच झाले. पण मदत पोहोचते ती छाती बिघडल्यावर. पत्र्याचा डबा आणि सुताची वात यांचे काम त्याआधीचे आहे, आणि त्यांना खर्च किती येतो?

यात आपला, म्हणजे घेणाऱ्यांचाही वाटा आहे. वस्तू स्वस्त हवी आणि उद्याच हवी, असे आपण म्हणतो, तेव्हा कोठेतरी एखाद्या चाकावरचे पाणी बंद होते. ओले काम सावकाश होते, कोरडे झपाट्याने. ‘कसेही करा’ या दोन शब्दांनी माझा दगड तडकला, ही लहान गोष्ट. याच दोन शब्दांनी माणसे तडकतात. त्यांची भेग मात्र उन्हात धरून दिसत नाही; ती क्ष-किरणांतच दिसते, आणि तीही बहुधा फार उशिरा. म्हणून दुकानात एखादी कोरलेली वस्तू हाती घेताना जसा तिचा भाव विचारतो, तसेच ती ओल्या चाकावर झाली की कोरड्या, हेही विचारावे. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर तो कारखानदाराला विचारील.

तर असा हा माझ्या मेजावरचा दगड. पान अर्धवट आहे ते माझ्यामुळे. अलीकडे एखाद्या कागदावर ‘तातडीचे’ असा शेरा मारण्यासाठी लेखणी उचलली, की नजर त्याच्याकडे जाते. पुष्कळदा शेरा मारावाच लागतो. राज्यकारभार काही दगडाच्या सवडीने चालत नाही. पण त्याआधी, हे काम ज्याच्या हातात जाणार त्याला किती दिवस लागतील, एवढे मी विचारून घेतो. गेल्या वर्षी जयपूरला जाणे झाले, तेव्हा तो जिना पुन्हा चढलो. उस्तादांचे हात आता कापतात. चाकावर शिष्य बसतो. मी दारात उभा असताना डब्यातले पाणी संपले. त्याने चाक थांबवले, माझ्याकडे पाहून ‘‘जरा थांबा, साहेब’’ म्हणाला, आणि बादली घेऊन खाली गेला. मी थांबलो.